भोपाळचे मृत कोणी मोजले?

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली सगळी धावपळ 6 डिसेंबरसाठी चाललेली असते. गाड्यांची सोय, शिवाजी पार्कवरचा पुस्तकांचा स्टॉल, पाणी, आरोग्य शिबिर. या गडबडीत 2 आणि 3 डिसेंबर कधी येऊन गेले ते कळतही नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक फोटो येतो, मशाली किंवा मेणबत्त्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायकांचा, आणि खाली ओळ असते : भोपाळ वायुदुर्घटनेला इतकी वर्षे पूर्ण. 'दुर्घटना' हा शब्द आपणही सवयीने वापरतो. वीज पडली, पूल वाहून गेला, तसा वायू सुटला. मग जबाबदार कोण हा प्रश्नच उरत नाही. आमचे म्हणणे असे की हा शब्द पीडितांचा नाही, तो त्यांच्यावर लादलेला आहे. भोपाळमधले एक लहानसे संग्रहालय या शब्दाला नकार देत उभे आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहायचे.

काही वर्षांपूर्वी 14 एप्रिलला महूला जाताना आम्ही सात-आठ जण वाटेत एक दिवस भोपाळला उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'संग्रहालय' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे श्यामला हिल्स येते. मोठी सरकारी संग्रहालये तिकडे आहेत, तलावाच्या काठाने, हिरव्यागार टेकडीवर. आम्हाला जायचे होते उलट्या दिशेला, करोंदला. ही दिशा लक्षात ठेवा, कारण 1984 च्या त्या रात्री वायूनेही शहराची अशीच वाटणी केली होती. भोपाळच्या 56 वॉर्डांपैकी 36 वॉर्ड सरकारने वायुग्रस्त ठरवले. जुने शहर, रेल्वेलगतच्या वस्त्या आणि कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या झोपड्या यांचा त्यात समावेश होता. अधिकाऱ्यांचे बंगले, अरेरा कॉलनी, तलावापलीकडचे नवे भोपाळ बहुतांशी वाचले.

करोंदच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत 'रिमेंबर भोपाळ म्युझियम' आहे. 2 डिसेंबर 2014 ला, तिसाव्या वर्षी, ते सुरू झाले. पत्रकार आणि संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासक रमा लक्ष्मी यांनी पीडितांच्या संघटनांबरोबर काम करून ते उभारले. सरकारचा पैसा घ्यायचा नाही आणि कंपन्यांचाही नाही, हे आधीच ठरलेले होते. आत भव्य असे काहीच नाही. वस्तीतल्या घरांमधून आलेल्या वस्तू आहेत, कपडे, फोटो, कागद, आणि भिंतींवर टेलिफोनचे रिसीव्हर. रिसीव्हर उचलून कानाला लावला की त्या रात्रीतून वाचलेला माणूस स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत सांगू लागतो. काचेमागच्या वस्तूकडे आपण पाहुण्यासारखे बघतो. कानाला लावलेल्या फोनमध्ये ती सोय नाही. आमच्यातला एक जण, जो एरवी मोर्चात सगळ्यांत मोठ्याने घोषणा देतो, तो तिसऱ्या फोनपाशी बराच वेळ नुसता उभा राहिला. भोपाळच्या साक्षींमध्ये हात सुटल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पळताना मुलाचा हात धरला होता, गर्दीत तो सुटला.

आता त्या रात्रीकडे येऊ. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक, होते. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन उष्णता आणि दाब वाढला आणि सुमारे 40 टन विषारी वायू शहरात पसरला. आता सुरक्षा यंत्रणांचे पाहा. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळी काढल्यामुळे तुटलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढा लोंढा पेलणारी नव्हतीच. मिक विभागातल्या पाळीवरचे कामगार खर्च वाचवण्यासाठी निम्म्यावर आणले होते. कामाच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या वापरणाऱ्या कितीतरी कामगारांना हिंदीच येत होती.

हे सगळे कोणाला माहीत नव्हते असे नाही. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. मे 1982 मध्ये कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने या कारखान्यात गंभीर त्रुटी नोंदवल्या. राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराने त्याच वर्षी 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, अशा अर्थाचे लेख लागोपाठ छापले. विधानसभेत प्रश्न आला, तेव्हा कामगारमंत्र्यांनी उत्तर दिले की हा 25 कोटींचा कारखाना आहे, उचलून दुसरीकडे ठेवायला तो काही दगड नाही. आधी कळले होते, लेखी कळले होते, सभागृहात कळले होते. एवढे सगळे असताना 'दुर्घटना' म्हणायचे असेल तर मग हत्याकांड कशाला म्हणायचे?

कंपनीने पुढे वर्षानुवर्षे सांगितले की एका चिडलेल्या कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. क्षणभर खरे धरले, तरी एका माणसाच्या रागाने शहर मरेल अशी टाकी वस्तीशेजारी ठेवली कोणी? दोष खालच्या माणसावर ढकलण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. गटारात माणूस मेला की 'त्याने मास्क लावला नव्हता' असे ठेकेदार सांगतो, तीच ही रीत.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर आम्ही सगळ्यांत जास्त बोललो ते एका गोष्टीवर. त्या रात्रीच्या पाळीतले बहुतेक कामगार वाचले. वारा कुठून वाहतो आहे हे त्यांना दिसत होते आणि वाऱ्याच्या उलट दिशेला जायचे हे ठाऊक होते. कारखान्याच्या फाटकासमोरच्या जयप्रकाश नगरात, काझी कॅम्पमध्ये, चांदबडमध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोक वायूबरोबर, वायूच्याच दिशेने धावले. हा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत सरकतो, म्हणून लहान मुले आधी पडली. जितके धावावे तितका श्वास खोल, तितके विष आत. तोंडाला ओला कपडा बांधा, एवढी माहिती वस्तीत पोहोचली असती तरी कितीतरी जीव वाचले असते. ओल्या कपड्याला पैसे पडत नाहीत. पण शेजारी काय बनते हे वस्तीला सांगणे कंपनीला गरजेचे वाटले नाही, सरकारलाही नाही. शहरासाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. हमीदिया रुग्णालयात लोक डोळे चोळत, धापा टाकत येत होते तेव्हा डॉक्टरांना सांगितले गेले की हा वायू फक्त डोळ्यांना झोंबणारा आहे, जिवाला धोका नाही. ज्ञान कोणी कोणापासून लपवायचे, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. भोपाळमध्ये तो एका रात्रीत हजारो देहांवर लिहिला गेला.

आणि सरकारचा आणखी एक पराक्रम. त्याच 1984 सालात राज्य सरकारने झोपडपट्ट्यांना पट्टे वाटले. म्हणजे या जागी राहा, असे कागद देऊन सांगितले. शेजारी काय आहे ते मात्र सांगितले नाही. नंतर याच लोकांना 'कारखान्याभोवती अतिक्रमण करून राहिलेले' म्हटले गेले.

आता मोजदाद. सुरुवातीचा सरकारी आकडा 2,259 मृत्यूंचा. राज्य सरकारने तो पुढे 3,787 केला. दावे निकाली काढणाऱ्या यंत्रणेने अखेर 5,295 मृत्यू मान्य केले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या 2004 च्या अहवालात पहिल्या तीन दिवसांतच 7 ते 10 हजार माणसे मेल्याचे म्हटले आहे. पुढच्या वर्षांतले मृत्यू धरून पीडितांच्या संघटना 20 हजारांहून अधिक सांगतात. हे आकडे वाचून कुणी म्हणेल की गोंधळाची वेळ होती, चूक झाली असेल. चूक असती तर ती कधीतरी जास्तीच्या बाजूलाही झाली असती.

आकडा कमी ठेवण्याचा उपयोग 1989 मध्ये दिसला. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भारत सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्यात तडजोड झाली, 47 कोटी डॉलरची, म्हणजे त्या वेळच्या 715 कोटी रुपयांची. सरकारचा मूळ दावा 330 कोटी डॉलरचा होता. तडजोडीसाठी गृहीत धरले ते सुमारे 3 हजार मृत आणि 1 लाख 2 हजार जखमी. प्रत्यक्षात पावणेसहा लाखांच्या आसपास माणसांचे दावे मान्य करावे लागले. 715 कोटींना तेवढ्या माणसांनी भागा, माणशी साडेबारा हजार रुपये येतात. वाटप लांबले, तोवर डॉलर महाग झाला आणि व्याज साचले, म्हणून बहुतेक जखमींना 25 हजार आणि 2004 नंतर पुन्हा तेवढेच मिळू शकले. ही रक्कम त्यांना मिळाली ती कुणाच्या औदार्याने नव्हे, रुपया घसरल्याने.

पीडितांना या तडजोडीत कोणी विचारले? कोणीही नाही, कारण कायद्यानेच ते पक्षकार राहिले नव्हते. 1985 च्या भोपाळ कायद्याने सगळ्यांच्या वतीने खटला चालवण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. पालक म्हणून. हे गरीब, अडाणी लोक बलाढ्य कंपनीशी कसे लढणार, असा त्यामागचा युक्तिवाद. आमच्यासाठी दुसऱ्यांनी बोलावे, आमचे हित दुसऱ्यांनी ठरवावे, या पालकत्वाशी आपले भांडण गोलमेज परिषदेपासूनचे आहे. बाबासाहेबांनी तिथे आपल्या माणसांसाठी स्वतंत्र आवाज का मागितला, हे ज्याला नीट समजले आहे त्याला भोपाळच्या बायकांचा संताप समजावून सांगावा लागत नाही. या पालकाच्या एका बाजूला आणखी एक गोष्ट होती. कंपनीचे भागभांडवल 50.9 टक्के अमेरिकी मालकांकडे असले तरी उरलेल्यातला मोठा वाटा सरकारी वित्तसंस्थांकडे होता. कारखान्याला परवाने सरकारचे, तपासणी सरकारची, भागीदारी सरकारची आणि पीडितांचा वकीलही सरकार.

याआधी एक विचित्र प्रकार न्यूयॉर्कमध्ये घडला. भारत सरकार अमेरिकी कोर्टात सांगत होते की आमची न्यायालये हा खटला पेलणार नाहीत, आणि कंपनी सांगत होती की भारतीय न्यायालये अगदी समर्थ आहेत. कंपनीच्या बाजूने तसे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांत मुंबईचे नामवंत वकील नानी पालखीवाला होते. संविधानाच्या मूलभूत चौकटीसाठी केशवानंद भारती खटल्यात उभे राहिलेले तेच पालखीवाला. मे 1986 मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी खटला भारतात पाठवला. अमेरिकी ज्युरीपुढे अमेरिकी दराने भरपाई द्यायचे कंपनीचे संकट टळले. संविधानाचा अभ्यास आणि संविधानाची बाजू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या तरुण मित्रांनी या उदाहरणावरून पाहावे.

फौजदारी खटल्याची गोष्ट थोडक्यात. वॉरन अँडरसन 7 डिसेंबर 1984 ला भोपाळला आला, अटक झाली, त्याच दिवशी 25 हजारांच्या जामिनावर सुटला आणि सरकारी विमानाने दिल्लीला पोहोचवला गेला. तो परत आला नाही. सप्टेंबर 2014 मध्ये फ्लोरिडात वार्धक्याने मेला. सप्टेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आरोपींवरचे कलम सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणले. 7 जून 2010 ला निकाल लागला, कंपनीच्या भारतीय शाखेचे तत्कालीन अध्यक्ष केशुब महिंद्रा यांच्यासह सात जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि सगळ्यांना लगेच जामीन मिळाला. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली क्युरेटिव्ह याचिका 14 मार्च 2023 ला फेटाळली गेली.

आता पुन्हा संग्रहालयाकडे, कारण ते का निर्माण झाले याचे उत्तर या आकड्यांत आहे. कारखान्याच्या जागेवर सरकारी स्मारक बांधायची योजना 2005 पासून चालू आहे, आराखड्यांची स्पर्धाही झाली. संघटनांनी विचारले, जो स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात असायला हवा तो स्मारकात काय लिहिणार? मृत 5,295 की 20 हजार? दोष कोणाचा, वाऱ्याचा? ज्यांनी मोजताना माणसे गाळली त्यांच्या हाती आठवण सोपवायला लोकांनी नकार दिला आणि स्वतःची वस्तू, स्वतःचा आवाज, स्वतःचे दप्तर घेऊन करोंदला स्वतःचे दालन उघडले. कारखान्यासमोरचे आई आणि मुलांचे जे शिल्प फोटोंत दिसते तेही सरकारने बसवलेले नाही. ते 1985 मध्ये रुथ वॉटरमन या डच शिल्पकार बाईने केले. तिचे आईवडील नाझींच्या छळातून वाचलेले होते.

ही लढाई बायकांनी चालवली. अब्दुल जब्बार यांची संघटना नावानेच महिला उद्योग संघटन होती आणि त्यांच्या शनिवारच्या सभांना बुरख्यातल्या आणि पदरातल्या बायका शेजारी बसत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या वायुपीडितांसाठीच्या स्टेशनरी केंद्रात कामाला होत्या. पगाराच्या प्रश्नावरून संघटना झाली आणि 1989 मध्ये त्या बायका भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. पुढे 2004 मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला, त्या रकमेतून अपंग जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट सुरू झाला. मध्यंतरी एक वेबसिरीज येऊन गेली, रेल्वेवाल्यांच्या धैर्याची. चांगली गोष्ट झाली, गुलाम दस्तगीर यांचे नाव घराघरांत पोहोचले. पण एका रात्रीच्या शौर्यावर मालिका निघते आणि चाळीस वर्षांच्या धरण्यावर निघत नाही.

संग्रहालयाविषयी आमची एक तक्रारही आहे. आम्ही ऐकलेल्या आवाजांत वस्ती कळते, काम कळते, नावावरून धर्म कळतो. जात ऐकू येत नाही. भिंतीला टेकून राहणारे कोण होते? गरीब मुसलमान होते, मजुरीसाठी गाव सोडलेले दलित होते, मागास जातींतले हातावर पोट असणारे होते. वायूने जात विचारली नाही हे खरे. पण त्या भिंतीपाशी कोणी राहायचे आणि श्यामला हिल्सवर कोणी, हे जातीने आणि वर्गाने आधीच ठरवलेले होते. भोपाळवर पुस्तके खूप आहेत, वायूचे रसायन, कायदा, कंपनी यांवर बारीक लिहिले गेले आहे. वस्तीवार, जातवार, धंदावार मृत्यूंचा अभ्यास आमच्या वाचनात आला नाही. समाजशास्त्रात एम. ए., पीएच. डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना विषय मिळत नाही म्हणतात. हा घ्या विषय. ज्यांना ती रात्र आठवते ती पिढी आता सत्तरीत आहे.

कायद्यात जे काही बदलले ते या मृतांच्या नावावर जमा आहे. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, फॅक्टरी कायद्यात 1987 साली आलेले घातक प्रक्रियांचे प्रकरण, कारखान्यात काय बनते हे आसपासच्या लोकांना सांगण्याची सक्ती, हे सगळे भोपाळनंतरचे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी झरियाच्या कोळसा खाणीत खाली उतरून कामगारांची अवस्था पाहिली आणि कामाच्या तासांवर मर्यादा घालणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. कामाच्या जागी जिवाची हमी हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. 'पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा छंद' म्हणून त्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी करोंदला एकदा जाऊन यावे.

कारण भोपाळ संपलेले नाही. कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेल्या विषारी कचऱ्याने आसपासच्या वस्त्यांचे भूजल नासले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना नळाचे स्वच्छ पाणी द्या असा आदेश द्यावा लागला. 2001 मध्ये युनियन कार्बाइड विकत घेणारी डाऊ केमिकल म्हणते की ही जबाबदारी आमची नाही.

डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फटकारल्यावर आवारात जमिनीवर साठवलेला 337 टन कचरा हलवला गेला. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनरांचा ताफा पोलिस बंदोबस्तात निघाला तो धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला. आपण दरवर्षी 14 एप्रिलला ज्या महूला जातो तिथून ते गाव जवळच आहे. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेतले. तिथेही कामगार वस्त्या आहेत, शेजारी शेते आहेत, आणि त्यांनाही आधी कोणी विचारले नव्हते. जूनअखेरपर्यंत कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे मिसळावे लागते, त्यामुळे उरलेली राख 800 टनांहून जास्त भरली, म्हणजे मूळ कचऱ्याच्या दुपटीपेक्षा अधिक. ती राख कुठे पुरायची यावर मग न्यायालयात सुनावण्या सुरू झाल्या. आणि भोपाळमध्ये जमिनीखाली जे पुरले आहे त्याला या सगळ्यात हातही लागलेला नाही.